कोठीतली आकडी

१२ जुलै १९७९, गुरुवार

मोठ्या बायाईच्या रातवर्गाच्या गुरुजीनं ही वही दिली. म्हणे, धुरपताबाई, हिवाळाभर शिकल्या, आता रोज चार ओळी लिहत जा, नाहीतर अक्षरं विसरून जासान. मी विचारलं, लिहू काय. म्हणे, जे बोलता तेच. मी म्हणलं, मग एका वहीनं होते काय. तर हासले.

पहिली गोष्ट नातीचीच. सेवकरामच्या लग्नाले नऊ वर्षं झाली तेव्हा ही पोरगी आली. आज सव्वा महिन्याची झाली. नाक माझ्यावाणी आहे. शेजारची चंद्रभागाबाई म्हणते, इतक्या लहान लेकराले नाकच नसते, नुसती नाकाची जागा असते. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिचं काय ऐकायचं. कपाळ मात्र आजोबाचं, रुंद. ते पाहाले राहिले नाहीत. वैशाखात गेले अन् जेठात ही आली. त्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, आता वहीत कशी लिहू. आमचे म्हातारे, एवढंच लिहीन.

म्हातारे बावीस वर्षं गावाचे पाणकर होते. तलावाचं पाणी धानाच्या बांध्याईले कधी सोडायचं अन् कधी अडवून धरायचं, ते पाणकरानं पाहायचं. आता ते काम सेवकरामकडं आलं. आलं म्हणजे पुरतं नाही. घनश्याम पाटलाच्या ओसरीवर बैठक झाली अन् ठरलं का एक हंगाम पोराले पाहू, दसऱ्याले पुन्हा बसू. जमलं तर कायमचं त्याचं, नाहीतर तलावाजवळच्या बांधीवाल्या भैय्यालालले देऊ. भैय्यालाल तिथंच सुपारी कातरत बसला होता, मान खाली घालून, जसं त्याले काही नकोच.

माझं पोरगं हुशार आहे, कष्टाळू आहे, निसता घोर मोठा. लहान होता तेव्हा कोंबडी अंड्यावर बसवली का हा दिवसातून चारदा तिच्याखाली हात घालून पाहे. कोंबडी वैतागून उठून गेली, अंडी गार झाली, मग हाच रडला. आता छत्तीस वर्षांचा आहे अन् तसाच आहे.

बोट दुखून आलं. जोडाक्षरं ज्यानं काढली त्याले दुसरं काम नव्हतं.

१५ जुलै, रविवार

पाळणा बांधला. बाजारातून काथ्याची दोरी आण म्हणून सेवकरामले सांगतलं, लागते तीन हात, आणली पंधरा हात. काहून रे इतकी, तर म्हणे तुटली तर. पाळण्याची दोरी तुटली तर दुसरी दोरी घेऊन हा धावणार काय?

गाठ मी मारली. माझ्या मायची गाठ आहे, माझ्या माहेरची, बपेऱ्याची. दोन वेढे उलटे, एक सुलटा, अन् शेवट आतून काढायचा. भार पडला तशी घट्ट होत जाते. या गावात ती कोणाले येत नाही. सून शकुन, तिले दोनदा दाखवली, तिनं वेणीच घातली. ती पण काही कमी नाही, लेकराले काजळाचा टिका एक लावाव तर तीन लावते, गालाले, कपाळाले अन् तळपायाले. दृष्ट काय तळपायातून शिरते?

पोरीले पाळण्यात टाकायच्या आधी सेवकराम स्वतः दोरीले लोंबकळला. घराचा वासा करकरला. घर पडलं असतं म्हणजे घोर मिटला असता त्याचा. पोरगी मात्र पाळण्यात पडली अन् जांभई दिली, आजोबावाणी, सारं तोंड उघडून. मी तिथंच बसून राहिली. वरण करपलं.

३ ऑगस्ट, शुक्रवार

आज जे झालं ते लिहून टाकते, पोटात ठेवलं तर भात पचणार नाही.

रोवणा, धानाची लावणी, होऊन गेला अन् अकरा दिवस पाण्याचा थेंब नाही. आमच्या तलावाले तुडूम आहे. म्हणजे पाळीच्या, तलावाच्या बांधाच्या, आतून पाण्यात उभा केलेला दगडी खांब, पोकळ, त्याले खालीवर भोकं, अन् एकेका भोकात लाकडाचा खुंट ठोकलेला. खुंट उपटला का तितकं पाणी पाळीच्या खालून पाटात जाते. खुंट उपटाले लोखंडाची आकडी लागते. म्हाताऱ्यानं लोहारापाशी बसून बनवून घेतली होती. ती आमच्या दाराच्या मागं टांगलेली असते, दुसरी नाही.

सकाळी भैय्यालाल आला, संग दोघं. म्हणे, सेवकराम, धान पिवळं पडून राहिलं, तुझा बाप असता तर असा घरात बसला असता काय? मी आतून ऐकत होती. म्हातारे असते तर त्याईनं याले बसवून चहा पाजला असता अन् कोणाच्या बैलाच्या गोष्टी काढल्या असत्या. पण सेवकरामचा चेहरा उतरला. मी म्हणलं, थांब, उगवतीकडं आभाळ पाह्य. पाह्यतो म्हणे, अन् आकडी घेऊन गेला पण. सदऱ्याच्या बटना न लावता. एक खुंट उपटाचा, यानं दोन उपटले.

६ ऑगस्ट, सोमवार

परवापासून पाऊस. असा पडून राहिला का आंगणात बदक सोडाव. आमच्या तलावाचं पाणी आधीच बांध्याईत भरलेलं, वरून हे. सारं नाल्यानं वाहून गेलं. सगळ्यात आधी भैय्यालालच हासला, ज्यानं पाणी मागतलं तोच.

पाटलानं बोलावलं. संग मी पण गेली, दाराशी उभी राहिली. पाटील ओरडला नाही, ते आणखी वाईट. म्हणे, सेवकराम, तुह्या बापाचा हात जड होता, तुहा हलका आहे. पुन्हा असं झालं तर दसऱ्यापर्यंत वाट पाहाची गरज नाही.

घरी येऊन तो जेवला नाही. पाळण्यापाशी बसला. मग म्हणे, "माय, मले समजत होतं का थांबाव. मी मनात म्हणूनच राहिलो, थांब, थांब. अन् पाह्यलं तं खुंट हातात."

मी म्हणलं, तुह्या मनाले जरा मोठ्यानं बोलत जा म्हण.

तो हासला नाही. मले मग वाईट वाटलं. पण कोणी इतकं हुशार असून असं करते तर बोलाव नाही तर काय कराव.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

पोरीले दवाखान्यात नेलं. काही झालं नव्हतं. दोनदा शिंकली, म्हणून सेवकरामनं बैल जुपले. डॉक्टर तरणा आहे, मिशी अजून नीट फुटली नाही. त्यानं पोरीले उलटं सुलटं करून पाह्यलं, वजन केलं अन् म्हणे, बाई, ही तर गुटगुटीत आहे. मी तिथल्या सगळ्याईले पोरीचं नाक दाखवलं.

सेवकरामनं अकरा प्रश्न विचारले. डॉक्टरनं दहाची उत्तरं दिली, अन् अकराव्याले म्हणे, तुम्हाले झोप येते काय? मग यानं खुंटाची सारी कथा सांगतली. मले वाटलं आता डॉक्टर हाकलते, बाहेर लाइन लागलेली. पण त्यानं नीट ऐकलं. म्हणे, घोर करणाऱ्या माणसाचा मेंदू सारा दिवस धोकाच हुंगत बसते. त्यातच त्याची ताकद जाते. हाताले थांब म्हणाची येळ आली का थांब निघते, पण उशिरा निघते, तोवर हात पोचलेला असते. यानं विचारलं, औषध? तर म्हणे, गोळी नाही देत. हात अन् काम यांच्या मधात काही अडसर ठेवा. हाताले उशीर झाला पाहिजे, म्हणजे मागून थांब येऊन पोचते.

मेंदू मी पाह्यला आहे, बकऱ्याचा, कांदा घालून शिजवला पण आहे. त्यात थांब कुठं असते ते मले दिसलं नाही. पण अडसराचं ते डॉक्टर पोरगं बरोबर बोललं. कोंबडीवर टोपली झाकली असती तर अंडी वाचली असती.

येताना गाडीतच मी ठरवून टाकलं.

१८ ऑगस्ट, शनिवार

आकडी दारामागून काढली, फडक्यात गुंडाळली अन् धानाच्या कोठीत घातली, कोपरापर्यंत हात घालून. आता काढ म्हणाव.

सेवकराम त्याच येळेस आला अन् मी घाईघाईनं कोठीचं झाकण लावलं. पण त्याले दुसरंच पाहिजे होतं. पाळण्याची उरलेली दोरी कुठं आहे म्हणे. कायले पाहिजे, तर काम आहे. बारा हात दोरीचं काय काम, बैलाले तर कासरा आहे. घेऊन गेला तलावाकडं. जे घोर करतात त्याईले सांगाची पण सवय नसते.

२२ ऑगस्ट, बुधवार, पोळा

आज त्याच्या ध्यानात आलं. सकाळी दारामागं हात गेला, खिळा रिकामा.

"आकडी कुठं आहे, माय?"

"माझ्यापाशी आहे."

मी कंबर कसून उभी राहिली, आता भांडण होते म्हणून. सारी उत्तरं तयार होती. त्यानं माझ्याकडं पाह्यलं, खिळ्याकडं पाह्यलं. "बरं केलं," म्हणे, "ठेव तुझ्यापाशी." अन् बैलाचे शिंग रंगवाले बसला.

माझी सारी उत्तरं वाया गेली. पण पाह्यलं काय, अडसर लागू पडला. मिशी न फुटलेल्या डॉक्टरपेक्षा मायले जास्त समजते.

बैलाले ओवाळलं. पोरीले बैल दाखवला, तर तिनं बैलाकडं न पाहता झुलीकडं पाह्यलं. पोरगी आहे, लुगड्याचा नाद आतापासूनच.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

आकडी जागेवर आहे.

सकाळी पाह्यली होती, पण मग वाटलं का शकुननं धान काढलं तेव्हा वर आली असन, म्हणून पुन्हा पाह्यली. मग वाटलं कोठी ही जागा सगळ्याईले सुचते, म्हणून तिथून काढून पोरीच्या लंगोटाच्या गाठोड्यात ठेवली. मग वाटलं लोखंड आहे, लेकराच्या कपड्यात काहून, म्हणून पुन्हा कोठीत. शकुन म्हणे, बाई, तुमच्या कोपराले रोज धानाचा भुसा लागलेला असते, धान मोजून राहिल्या काय? मी म्हणलं, किडा पाहते.

मी काही घोर करणारी बाई नाही. घरात एकाले तरी ध्यान ठेवावं लागते.

सेवकरामचं एक नवीनच चालू आहे. कोणी येऊन तणतण करून गेलं का हा उठते, धावतच तलावाकडं जाते, अन् घटकाभरानं परत येते सुस्त होऊन. धोतर ओलं, बोटं सुकडलेली, नखात काथ्याचे तुसे. अन् येऊन भात मागते. दोन वाढणी जेवते. मी म्हणलं, तलावावर आंघोळीले काहून जातोस, घरची विहीर आटली काय? म्हणे, तिथं बरं वाटते. आंघोळ करून डोक्याचे केस कोरडे कसे राहतात ते त्यालेच माहीत.

९ सप्टेंबर, रविवार

पाणी नाही. पोळ्याच्या नंतर एक सर आली तेवढीच.

म्हाताऱ्याचा कायदा होता. तलावाचं शेवटचं पाणी धानाच्या पोटरीले. लोंब पोटात धरून फुगलेली ती पोटरी बोटानं दाबून पाह्याची, आत भरीव लागली का मग गावभर एकदाच सोडायचं, आधी शेपटाले, म्हणजे पाटाच्या पार टोकाच्या बांध्याईले, अन् मग डोक्याले, तलावाजवळच्याईले. त्याच्या आधी जो मागाले येईन त्याले चहा पाजायचा, पाणी नाही. तलावात पाणी एकाच खेपेचं उरलं आहे. आज सोडलं तर दाणे भरायच्या येळेस चिखल चाटावा लागन, अन् सगळ्यात आधी शेपटावाले मरतील. आमची बांधी अगदी शेपटाले आहे. भैय्यालालची डोक्याले.

तर सेवकराम चहा पाजून राहिला. येणारे रोज आठ, दहा. साखर संपली, गूळ संपत आला. भैय्यालाल दोनदा येते अन् दोन्ही खेपेले पिते.

चंद्रभागाबाई पण रोज येते. तिची बांधी आमच्याच बाजूले. येते, पाळण्याले झोका देते, अन् म्हणते, धुरपता, पानं गुंडाळून राहिली. काल म्हणे, भेगेत माझं बोट जाते. आज म्हणे, दोन बोटं जातात. मी म्हणलं, उद्या पाय घाल अन् मोजूनच ये.

पोरगी आज हासली. झोपेत नाही, जागेपणी, माझ्याकडं पाहून. मी सगळ्या गल्लीत सांगून आली.

१५ सप्टेंबर, शनिवार

बांधीवर गेली होती. भेगेत माझी तीन बोटं गेली.

भात उतरत नाही. सकाळी उठते तर आधी आभाळ पाहते, मग कोठी, मग आभाळ. अन् हा पोरगा, ज्याच्या घोरानं मी केस पिकवले, तो आंगणात बसून पोरीले खुळखुळा वाजवून राहिला. मले इतका राग आला का सांगता येत नाही. जन्मभर घोर केला अन् जेव्हा घोर कराची येळ आली तेव्हा बंद.

मी म्हणलं, "तुले घोर नाही काय रे?"

"आहे ना."

"मंग काही कर."

"करूनच राहिलो."

"काय करून राहिला?"

"थांबून राहिलो, माय."

अशा माणसाशी काय बोलाव. मी पोरीले त्याच्या मांडीवरून उचलून घेतलं. ती रडली, तर तिले पण बोलली.

१८ सप्टेंबर, मंगळवार

हे पान कोणाले दाखवायचं नाही. गुरुजीले पण नाही.

दुपारी सेवकराम बैल घेऊन नाल्यावर गेला होता, शकुन पोरीले घेऊन निजली होती. मी कोठीत आकडी पाहाले गेली. निसती पाहाले. हाताले लागली. मग वाटलं बाहेर काढून पाहाव, गंजली असन. काढली. मग वाटलं, खालचा एक खुंट, अन् तोही घटकाभर, आमच्या अन् चंद्रभागाबाईच्या बांधीपुरतं. कोणाले समजते. मी मनात म्हणत होती, धुरपता, हे बरं नाही. म्हणत म्हणत पाळीवर पोचली. आकडी पदराखाली. कधी निघाली अन् कशी चालली, वाटेत कोण भेटलं, मले काही याद नाही.

पाण्यात उतरली. कमरेइतकं पाणी. खुंटाले हात घातला, तर दोरी.

काथ्याची दोरी, खुंटाच्या डोक्यावरून तुडुमाच्या लोखंडी कडीत ओवलेली, अन् गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. मी जीवनात इतक्या गाठी पाह्यल्या नाहीत. आकडी खुंटाले लागेच ना. मी म्हणलं, सोडते. विळा आणला असता तर एका झटक्यात काम होतं, पण विळा घरी.

पहिली गाठ सोडता सोडता बांधणाऱ्याले जितक्या शिव्या येतात तितक्या दिल्या. तिसरीले नख तुटलं. मोजत होती मी, वर्गात मोजणं शिकली तर कुठं तरी कामी येऊ दे. पाचवीले म्हातारे याद आले, ते पण असेच कमरेइतक्या पाण्यात उभे राहत अन् मी पाळीवरून हाका मारी, जेवाले चला म्हणून. ते म्हणत, येतो, अन् येत नसत. सातवीले वाटलं का पोरगी उठली असन. नववी लवकर सुटली. दहावीले पाह्यलं का समोर दोन बगळे उभे आहेत, कधीचे, एका पायावर, अन् मासा अजून आला नाही.

अकरावी सुटली अन् माझे हात थांबले. खाली अजून दहा होत्या. काहून थांबले ते मले सांगता येत नाही. गुडघ्याले गार लागलं असन. भैय्यालाल सुपारी कातरतो तो आवाज आला कानात, तिथं कोणी नसताना. अन् वाटलं, हा खुंट उपटला तर नाव कोणाचं जाईन. माझं तर नाव कोणी घेणार नाही.

मग अकराच्या अकरा गाठी पुन्हा मारल्या, जशा मले येतात तशा, पक्क्या. घरी आली, लुगडं बदललं, आकडी कोठीत. पोरगी निजलेलीच होती. कोणी पाह्यलं नाही.

ती दोरी कोणं बांधली ते मले समजलं नाही. भैय्यालालच असन, सेवकरामले येळेवर खुंट उपटता येऊ नये म्हणून. माणूस इतका वाईट असते.

२५ सप्टेंबर, मंगळवार

काल पाणी सुटलं.

परवा सेवकरामनं चार बांध्याईतल्या पोटऱ्या दाबून पाह्यल्या, पाटलाले पण दाबाले लावल्या. काल सकाळी मले म्हणे, माय, आकडी दे. मी कोठीतून काढून दिली, हळद कुंकू लावून. त्याच्याकडं पाह्यलं नाही.

सकाळी गेला, अन् पाणी यायचं नाव नाही. मी अन् चंद्रभागाबाई बांधीच्या धुऱ्यावर बसलो. ऊन चढलं. ती म्हणे, तुझा पोरगा तिथं निजला काय. दहा माणसं पाळीवर ताटकळत होती म्हणे, अन् हा पाण्यात उभा, काही तरी सोडत बसलेला. कोणी म्हणलं विळा घे अन् काप, तर यानं ऐकलं नाही. म्हणे, कापता येते असं एकदा हाताले समजलं का मग गाठीचा काही फायदा नाही. कोणाले काही समजलं नाही. पाणी दुपारी आलं.

पण आलं. आधी आमच्याकडं, शेपटाले. भेगेत शिरलं तेव्हा जमीन पेताना आवाज येते, लेकरू दूध पेते तसा. चंद्रभागाबाईनं त्यात पाय घातला अन् म्हणे, आता पाय पण नाही जात. रडत होती का हासत होती, त्या डोळ्याचं काही समजत नाही. पाणी डोक्यापर्यंत पुरलं. भैय्यालालची बांधी पण भरली. शेवटच्या बांधीत पाणी पोचलं तेव्हा तलावात बगळ्याच्या पायापुरतं उरलं होतं.

सेवकराम घरी आला तेव्हा बोटाच्या साऱ्या नखांची वाट लागलेली. जेवण झाल्यावर पाळण्यापाशी उभा राहिला. मले वाटलं पोरीले पाहून राहिला. पण तो दोरीकडं पाहत होता, वर, वाश्यापाशी. बराच येळ.

मी म्हणलं, पुन्हा लोंबकळू नको.

१ ऑक्टोबर, सोमवार, दसरा

पाटलाच्या ओसरीवर बैठक झाली. मी दाराशी उभी होती, पोरीले घेऊन. तिले नवीन टोपडं घातलं होतं, चार जणाईनं विचारलं, कोणावर गेली, मी सांगतलं. पाटील म्हणे, सेवकराम, सावनात मी तुले बोललो होतो ते आज परत घेतो. हात जड झाला तुहा. भैय्यालालनं सुपारी पुढं केली. सेवकरामनं घेतली. मग भैय्यालाल माझ्याकडं पाहून म्हणे, धुरपताबाई, तुमच्या घरचा चहा बंद झाला म्हणाव आता. सगळे हासले, मले पण हासू आलं, अन् मग राग आला का हासू काहून आलं.

घरी येऊन सेवकरामनं आकडी दारामागच्या खिळ्याले टांगली. मग कुठून तरी ती दोरी काढली, तुडुमावरची, ओली होऊन काळी पडलेली, अन् माझ्यापाशी येऊन बसला. मी पाळण्याले झोका देत होती.

म्हणे, "माय, या दोरीले एकवीस गाठी होत्या. सावनात तसं झालं, अन् मग डॉक्टर म्हणे अडसर ठेवा, म्हणून मी बांधल्या. कोणी येऊन बोललं का हात धावे, तं मी जाऊन गाठी सोडत बसत जाओ. सात-आठ सुटल्या का मनातलं थांब येऊन पोचे. मंग पुन्हा बांधून घरी येत जाओ. शेवटच्या आठवड्यात तं जाची गरजच नाही पडली."

मी म्हणलं, असं काय.

"त्या दिवशी दहा गाठी तं घटकाभरात सुटल्या, त्या माह्या होत्या. अकराईले सारी सकाळ गेली."

"पाण्यानं फुगल्या असन."

"असन," म्हणे.

पाळणा करकरत होता. पोरीनं मूठ तोंडात घातली होती. मी तिच्याकडं पाहत होती, दुसरीकडं कुठं पाहू. सेवकरामनं दोरीचं एक टोक माझ्या मांडीवर ठेवलं.

"दोन वेढे उलटे," म्हणे, "अन् मंग?"

"एक सुलटा," मी म्हणलं, "अन् शेवट आतून काढायचा."

त्यानं मारली. बायकोवाणीच वेणी झाली. मी सोडली, त्याचा हात धरून पुन्हा दाखवली. चौथ्या खेपेले जमली. ओढून पाह्यली, पक्की बसली.

"पुढच्या साली लागन," म्हणे.

"कायले? तुहा हात तं आता जड झाला."

"घरात दोघं आहो ना, घोर करणारे."

दुसरं कोण, ते मी विचारलं नाही. शकुन असन. आज सणाच्या दिवशी पण तिनं पोरीले तीनच टिके लावले होते.